टीव्हीतल्या भिंतीवरची मी

४ फेब्रुवारी

आजपासून लिहायला घेतलं. ही डायरी नातीला रंगाच्या दुकानातून फुकट मिळाली, तीही गेल्या वर्षीची, त्यामुळे वार जुळत नाहीत. मी वार लिहिणारच नाही. तिसरीत माझी शाळा सुटली, पण अक्षर गोल आहे. आमच्या बाई तेव्हाही म्हणायच्या, डोक्यात काही नसलं तरी हातात आहे. असो. लिहायचं कारण असं की मी टीव्हीवर येणार आहे. मेलेली.

थांबा, नीट सांगते. माझा मुलगा सुतार. वर्षभर झालं, मालिकांचे सेट उभारायच्या कामाला लागलाय. सेट म्हणजे खोटं घर. भिंती प्लायच्या, मागून टेकू दिलेले, नळाला पाणी नाही, आणि जिना वर जातो पण वर काहीच नाही. आता नवी मालिका आहे, 'आमचं आम्ही बघून घेऊ'. बाप बस चालवतो, आई कपड्यांच्या कारखान्यात शिवते, दोन मुलगे, एक मुलगी, आणि सगळी एकमेकांच्या उरावर बसलेली. घर सगळं माझ्या मुलाने उभं केलं. स्वयंपाकघरातल्या फडताळाचं एक दार मुद्दाम लोंबतं ठेवायला सांगितलं होतं, ते त्याच्या अगदी जिवावर आलं. म्हणाला, आई, वाईट काम कर म्हणून मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं.

तर त्या घरात भिंतीवर एक वारलेली आजी हवी होती. कुठून तरी एक फोटो आणला होता, पण दिग्दर्शकांना पसंत पडेना. म्हणे ही बाई बँकेत कामाला असल्यासारखी दिसते. मुलाने विचारलं, माझ्या आईचा आणू का? ते म्हणाले, अरेरे, कधी वारल्या? हा म्हणाला, वारली नाही, पण तिची काही हरकत नसेल.

माझी कसली हरकत. सूनबाईची होती. ती इस्पितळाच्या धुलाईत कामाला, दिवसभर चादरींचे गठ्ठे बघते, तिला या विषयावर थट्टा चालत नाही. म्हणाली, अहो आई, जित्या माणसाचा फोटो असा लावतात का? मी म्हटलं, मेल्यावर लावाल तेव्हा मला बघायला मिळणार आहे का?

मी आपला स्टुडिओतला फोटो काढून दिला, केस चापूनचोपून बसवलेला. तो त्याने बाजूला ठेवला. घेतला तो दुसराच, भिंगरीच्या नव्या घरात काढलेला. त्यात मी तोंड उघडं टाकून हसतेय. भिंगरी शेजारी उभी, माझ्या खांद्यावर हात टाकून. त्याने भिंगरीला कापलं, पण हात तेवढा राहिला, मनगटावरच्या इस्त्रीच्या चटक्यासकट. मी म्हटलं, हातही काप की, कुणाचा तरी सुटा हात विचित्र दिसतो. म्हणाला, राहू दे. एवढा करवत चालवणारा माणूस, एक हात कापता आला नाही त्याला.

६ फेब्रुवारी

भिंगरी कोण ते सांगायचं राहिलं. माझी लेक. लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. तिचा नवरा गवंडी, हाताला चांगला, डोक्याने तापट. त्यांनी स्वतःचं घर स्वतः बांधलं, आणि माझ्या मुलाने बहिणीसाठी म्हणून एक कपाट केलं. चार महिने रविवारी बसून केलं. टेम्पोतून नेलं तर ते दारातून आत जाईना.

मुलगा म्हणाला, दार अरुंद आहे. जावई म्हणाले, कपाट रुंद आहे. दोघांनी आपापल्या टेपा काढल्या, आणि एकाच्या टेपेवर दुसऱ्याचा विश्वास नाही. भिंगरी मध्ये पडली, म्हणाली, दादा, कपाट कडेने जरा तासून घे ना. सख्ख्या बहिणीने त्याच्या कामाला तास म्हणावं, हे त्याला लागलं. तो म्हणाला, नवऱ्याला सांग भिंत फोड. मग लाकूड आणि विटा बाजूला राहिल्या आणि बोलणं माणसांवर आलं. कपाट पुन्हा टेम्पोत चढलं. मीही चढले, कारण घरी यायला दुसरं वाहन नव्हतं. भिंगरी मागून ओरडली, कळलं आई, तू कुणाच्या बाजूची आहेस ते.

तीन वर्षं झाली त्याला. मी एकदा फोन केला होता. म्हणाली, दादाने आधी बोलावं, मग आपण बोलू. मी म्हटलं बरं, फोन ठेवला, आणि ठरवून टाकलं की आता तिनेच करावा. दोघंही हट्टी. बापावर गेलीत.

कपाट आमच्याकडेच आहे. आमच्या दारातून ते सहज आत आलं, हे मुलगा आल्यागेल्याला सांगतो. मला मात्र ते उघडताना रोज वाटतं, की यातली घडी भिंगरीच्या हातची असायची. असो, माझे गुडघे बरे आहेत, डोळे बरे आहेत, तेवढी एकच गोष्ट बरी व्हायची राहिलीय. म्हटलं, मी खरोखर भिंतीवर जायच्या आत ती या दारातून आत यावी. आणखी काही मागणं नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर बघू.

१६ फेब्रुवारी

आज पहिला भाग. सूनबाई पाळी बदलून आली, नात अभ्यास टाकून आली, खालची शिवणकामवाली आपली खुर्ची घेऊन आली. मी केस विंचरून बसले, जसं काही ते मला बघणार होते.

मालिका झकास आहे. बापाने जेवणाच्या ताटावरून आरडाओरड केली, थोरल्याने नोकरी सुटल्याचं लपवलं, मुलीने दार आपटलं आणि भिंत हलली. भिंत हलली तेव्हा मुलाने कपाळावर हात मारला. पण मी कुठे दिसेना. शेवटी बोळातून धाकटा पळाला तेव्हा कोपऱ्यात काहीतरी चौकोनी दिसलं. शिवणकामवाली म्हणाली, ती तुम्ही होय, मला वाटलं मीटरची पेटी.

मुलाने नुसतं डोळे बारीक करून त्या कोपऱ्याकडे बघितलं. तसा तो बोलतच नाही. जेवलीस का, औषध घेतलंस का, दिवा घालवू का. एवढ्यात त्याचा दिवस भागतो.

१८ फेब्रुवारी

मुलाने माझा फोटो बोळातून काढून जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर लावला. दिग्दर्शकांना सांगितलं की बोळात ओल येते, फोटो खराब होईल. नात म्हणाली, बाबा, प्लायच्या भिंतीला ओल? तो म्हणाला, तू अभ्यास कर. असेल बाई, मला त्यातलं काय कळतं. जुन्या लाकडाला ओल येते हे मी ऐकलंय.

२ मार्च

आता मी रोज दिसते. आणि मजा अशी झाली की तो बसवाला बाप माझ्याशी बोलायला लागला. एकदा बायकोशी भांडून तो टेबलाशी बसला आणि सहज वर बघून म्हणाला, बघितलंस ना आई? ते त्यांच्या लिहिणाऱ्या मुलीला इतकं आवडलं की आता प्रत्येक भागात लिहितेच. थोरला खोटं बोलतोय का, मुलीला बाहेरगावी पाठवू का, बसमधल्या लोकांनी आज कसा जीव खाल्ला, सगळं मला सांगतो. मी इथून उत्तरं देते. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, अरे थोरला रोज डबा घेऊन निघतो आणि भरलेला परत आणतो, डबा उघडून बघ. दोन दिवसांनी त्याने उघडून बघितला. सूनबाई म्हणाली, आई, तुमचं ऐकतो तो. मी म्हटलं, कुणीतरी ऐकतं.

माझा मुलगा कामावरून आला की हल्ली एकच विचारतो, कुणाचा फोन आला होता का. मी म्हणते, कुणाचा येणार? सूनबाईच्या मुकादमाचा येतो, तेवढाच. मग तो हातपाय धुतो. बहुतेक दुसऱ्या सेटच्या कामाची वाट बघत असेल.

९ मार्च

कीर्ती झाली माझी. पाववाल्याने मला बघितलं आणि तसाच बघत राहिला, मग गुपचूप दोन पाव जास्त घातले. दवाखान्यात एक बाई हळूच म्हणाली, तुमच्या जुळ्या बहिणीचं वाईट वाटलं हो. मी म्हटलं, माझंही. बसमध्ये एका म्हाताऱ्याने उठून जागा दिली, माझ्याहून मोठा असेल. मेल्यावर माणसाला इतका मान असतो हे माहीत नव्हतं, नाहीतर जित्यापणी एवढी धावपळ केली नसती.

नातीने विचारलं, आत्या बघत असेल का मालिका? मी म्हटलं, ती कुठे एका जागी बसते. पण मग रात्रभर ते डोक्यात राहिलं. बघितली तर काय वाटेल तिला? हसेल, दुसरं काय. तिला माझं तोंड उघडं टाकून हसणं कधीच आवडलं नाही.

खरं सांगायचं तर त्या भिंतीचा मला एकच दोष दिसतो. तिथून सगळं बघता येतं, पण कुणाला हाक मारता येत नाही.

२१ मार्च

मुलाने फोटोची काच काढून टाकली. दिव्याचा उजेड पडून चमकत होती, चेहरा नीट दिसत नव्हता म्हणे. आणि हात, असंही म्हणाला. हाताचं काय एवढं? मालिकेतली सगळी माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलतात, हाताकडे कोण बघतंय. फ्रेमही त्याने थोडी खाली आणली, एका बाजूला सरकवली. कामात फार चिकित्सा त्याची. बापही तसाच होता, खिळा ठोकायच्या आधी भिंतीशी तास तास बोलायचा. माणसांशी बोलायला मग वेळ उरत नसे.

२९ मार्च

आजचं आजच लिहिते, नाहीतर उद्या काही विसरेन.

आज सुट्टी, सगळे घरात. मी न्हाणीघरात केस धूत होते. दारावर धडाधडा थापा पडल्या, मुलाने दार उघडलं. भिंगरी. पिशवी हातात, डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या चपला. तिने तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, किती भाग लागले तुला. मला आतून ऐकू आलं, पण कळलं नाही. भाग कसले? तिच्या घराहून बस दोन तासांत येते.

भिंगरीने पिशवीच घातली त्याच्या अंगावर. आईला पोचवून आलास आणि मला कळवलं नाहीस, म्हणाली. टीव्हीवाल्यांना फोटो द्यायला सुचलं, मला एक फोन करायला नाही सुचलं? काल शेजारणीकडे बसले होते, समोर आई, भिंतीवर, आणि कुणी परका माणूस तिला आई आई म्हणतोय. वाटलं, सारखी दिसणारी असेल. मग बघितलं, खांद्यावर माझा हात. माझा चटका मी ओळखणार नाही?

एव्हाना मी डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आले होते, कानात साबण. म्हटलं, कोण गं, भिंगरी?

ती खालीच बसली, भिंतीला टेकून. मग उठली, जवळ आली, आणि मला दंडाला चिमटा काढला. स्वतःला नाही, मला. अजून लाल आहे. मग रडली, मग मला धरलं, साबणासकट. आणि मग तिला दुप्पट राग आला, कारण आता मेल्याचं दुःख राहिलं नाही, नुसता राग राहिला.

"जित्या आईला टांगलीस भिंतीवर?"

"नुसती हाक मारली असती तर आली असतीस?"

"मारून तर बघायची होतीस."

"तू मारलीस?"

"मी धाकटी आहे."

"मग धाकटीसारखी वाग ना."

सूनबाईने चहा ठेवता ठेवता म्हटलं की निदान निघण्याआधी एक फोन तर करायचा. भिंगरी म्हणाली, फोनवर याच्या थोबाडीत कशी मारणार होते, वहिनी? ते बरोबरच आहे. आमच्या घरात मोठं भांडण फोनवर करत नाहीत, समोर उभं राहूनच करतात. बाहेरचा माणूस आधी चौकशी करेल. आमचा माणूस आधी बस धरतो.

मग कपाट निघालं. दार निघालं. टेपा निघाल्या. लहानपणी कुणी कुणाची सायकल मोडली तेही निघालं. खाली शिवणकामवालीचं मशीन थांबलं, म्हणजे ती ऐकत होती. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून केस पुसत होते. तीन वर्षांनी दोघांचे आवाज एका खोलीत. मला कुणाचं काय चुकलं ते काही ऐकू येत नव्हतं, नुसते आवाज येत होते, आणि मी हसत होते, अगदी फोटोतल्यासारखी. भिंगरी म्हणाली, बघ कशी हसते, तुम्हां दोघांना लाज नाही. या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असंही म्हणाली, आणि असं म्हणत माझे बटाटे सोलायला बसली.

जाताना मात्र एकच धरून बसली, तो फोटो उद्याच्या उद्या काढायचा. मुलगा म्हणाला, तसा काढता येत नाही. इतके दिवस दिसलेली वस्तू एकदम नाहीशी झाली तर लोक विचारतात, गोष्टीत कारण दाखवावं लागतं. ती म्हणाली, मग मी येते तिथे. मी दाखवते कारण.

३१ मार्च

आज सेटवर गेलो, तिघं. बसमध्ये ती पुढे बसली, तो मागे, मी मध्ये.

खोट्या घरात शिरताना मला उगाचच चपला काढाव्याशा वाटल्या. बसवाला बाप टेबलाशी चहा पीत होता. त्याने वर बघितलं तर भिंतीवर मी, आणि खाली दारात मी. कप तसाच हातात राहिला. मग उठून आला, माझे दोन्ही हात धरले, आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. टीव्हीत दिसतो त्याहून बुटका आहे. हळूच म्हणाला, "आजी, मी फार बोलतो का हो तुमच्याशी?"

मी म्हटलं, "बोल रे बाबा. माझा तर बोलतच नाही."

मुलगा माझ्या मागेच उभा होता. असू दे, खोटं थोडंच बोलले.

लिहिणारी मुलगी आमच्या नातीहून थोडीच मोठी. तिने भिंगरीला विचारलं, फोटो का काढायचा ते सांगा, म्हणजे मला लिहिता येईल. मला वाटलं आता ही कडाडणार. पण भिंगरी भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, एक म्हणजे ती जिवंत आहे. आणि दुसरं, माझ्याकडे आईचा एकही फोटो नाही. सगळे याच्याकडेच राहिले.

हे मला माहीत नव्हतं. मुलालाही नसावं. तो स्टुलावर चढला, फोटो उतरवला, बाहीने पुसला आणि तिच्या हातात दिला. म्हणाला, नीट धर, काच नाहीये.

लिहिणाऱ्या मुलीने ते सगळं आपल्या तळहातावर लिहून घेतलं. मग मालिकेच्या माणसांनी फोटो परत मागितला, कारण तसंच चित्रीकरण करायचं होतं, ते झालं की तिला कायमचा देणार म्हणाले. भिंगरी म्हणाली, तोपर्यंत मी इथेच बसते, माझा भरवसा नाही तुमच्यावर. आणि बसली, संध्याकाळपर्यंत, एका जागी. मी तिला जन्मात असं बसलेलं बघितलं नव्हतं.

आम्ही दोघं पुढे निघालो. बसमध्ये मुलगा माझ्या शेजारी बसला आणि बोलायला लागला. प्लायची जात कशी ओळखायची, दिग्दर्शक भुकेला असला की कसा चिडतो, त्याचा गुडघा हल्ली जिना चढताना वाजतो, ते मला सांगायचं राहिलं होतं. थांबा गेला, पुढचा गेला, आमचाही गेला. मी काही म्हटलं नाही. परत चालत आलो. काय झालं होतं त्याला, कुणास ठाऊक. सेटवर बराच चहा झाला होता.

१९ एप्रिल

आज फोटो नेण्याचा भाग लागणार आहे. खरा फोटो भिंगरीच्या घरी पोचलाही, तिने कुठे लावला ते विचारलं तर म्हणाली लावला नाही, जितं माणूस भिंतीवर टांगायचं नसतं, उशाशी ठेवलाय.

सकाळी तिचा फोन आला. दादाच्या फोनवर, दादालाच. म्हणाली, आई आजचा भाग आमच्याकडे बघेल. हा म्हणाला, का म्हणून, पहिल्या भागापासून इथे बघतेय, सेट माझा, आई माझी. ती म्हणाली, आई तुझी एकट्याची कधीपासून. मग फोनवर भागेना म्हणून दुपारी ती आलीच, जावयांना घेऊन. जावई उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि आमच्या टीव्हीकडे बघून म्हणाले, हा फारच लहान आहे, आईंना दिसायचं नाही. मुलगा म्हणाला, मेहुणे, तुमचा मोठा टीव्ही दारातून आत गेला का? मला वाटलं संपलं. पण जावई म्हणाले, आडवा करून नेला, अक्कल लागते. आणि आत येऊन बसले.

त्यावर आता जोरात चाललंय. सूनबाई म्हणतेय सगळ्यांनी इथेच जेवा. भिंगरी म्हणतेय घरी स्वयंपाक करून ठेवलाय, आईला मऊ लागतं ते मला माहीत आहे. मुलगा म्हणतोय, तीन वर्षं मऊ कोण घालत होतं? नात दोन्ही बाजूंनी बोलतेय, तिला वकील करायला हवं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, तूच सांग आई, कुणाकडे बघणार?

मी म्हटलं, जरा विचार करते, आणि आत येऊन हे लिहायला बसले.

विचार कसला करायचाय. मला दोन्हीकडे सारखंच. पण मालिका लागायला अजून वेळ आहे, आणि बाहेर इतकं छान चाललंय.